कोल्हापूरचे दोन रुस्तुम

बारशासाठी नावे सुचवणाऱ्या पुस्तिका हा मराठी प्रकाशनव्यवसायातील अत्यंत खपाऊ आणि तितकाच न तपासला जाणारा प्रकार आहे, हे या स्तंभात पूर्वी नोंदवून झाले आहे. तथापि या आठवड्यात तळेघरच्या नाक्यावर विक्रीस आलेल्या चाळीस रुपयांच्या नव्या पुस्तिकेने आधीच्या सर्व पुस्तिकांवर ताण केली आहे. ‘शुद्ध मराठी नावे’ असा मुखपृष्ठावरच दावा करणाऱ्या या पुस्तिकेत ‘शहाजी’ हे नाव बिनदिक्कत समाविष्ट आहे, ‘गुलाब’ हे नाव फुलांच्या रांगेत मानाने बसले आहे, आणि अखेरच्या पानावर टाळण्याजोग्या परकी नावांची जी यादी दिली आहे, तिच्यात ‘रुस्तुम’ अग्रस्थानी आहे. शहाजीतील ‘शहा’ फारसी, गुलाब तर अथपासून इतिपर्यंत फारसी. त्यामुळे परकेपणाची कसोटी संपादकांनी कोणत्या तराजूवर लावली, हे समजण्यास मार्ग नाही. दोन फारसी नावांना घरात घेऊन तिसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे करताना आपण महाराष्ट्रातील प्रत्येक तालमीच्या चौकटीला धडक देत आहोत, याची जाणीव त्यांना झालेली दिसत नाही.

रुस्तुम हा इराणच्या वीरकथांचा नायक होय. फिर्दौसी या कवीने इसवी सन 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’ या महाकाव्यात तो सीस्तान प्रांतातील झाल आणि रुदाबा यांचा पुत्र म्हणून येतो, रख्श नावाच्या घोड्यावर स्वार होऊन सात संकटे पार करतो, दैत्यांना लोळवतो, आणि ओळख न पटल्यामुळे स्वतःच्या सोहराब या मुलाला स्वतःच्याच हातांनी ठार करतो. ही कथा फिर्दौसीच्या कितीतरी आधीची आहे. आजच्या ताजिकिस्तानातील पंजिकेंत येथील उत्खननात रुस्तुमाच्या पराक्रमांची जी भित्तिचित्रे सापडली, ती शाहनाम्याहून सुमारे अडीच शतके जुनी आहेत. मात्र या नावाच्या प्रवासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब निराळीच आहे, आणि ती म्हणजे रुस्तुम कधीही राजा होत नाही. तो राजांना गादीवर बसवतो, संकटातून सोडवतो, प्रसंगी त्यांच्यावर रुसून घरी निघून जातो, पण सिंहासनावर स्वतः बसत नाही. आणि तो प्रेषित नाही, संत नाही, कोणत्याही पंथाचा संस्थापकही नाही. ज्या नावाला धर्माची गाठ घट्ट मारलेली नसते आणि ज्याच्यावर कोणत्याही एका राजवंशाची मक्तेदारी नसते, ते नाव कोणालाही उचलता येते.

ते पुष्कळांनी उचललेही. उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियातील ताहर्त येथे, आठव्या शतकापासून 909 पर्यंत राज्य करणारे इबादी पंथाचे घराणे रुस्तुमी म्हणूनच ओळखले जाते, कारण त्याच्या संस्थापकाच्या पित्याचे नाव रुस्तुम होते. तुर्कस्तानात सुलतान सुलेमानच्या मुख्य वजिराचे नाव रुस्तुम पाशा होते आणि इस्तंबूलमधील त्याची निळ्या फरशांची मशीद आजही पाहिली जाते. जॉर्जिया या ख्रिस्ती देशात 1633 ते 1658 या काळात कार्तलीच्या गादीवर रोस्तोम नावाचा राजा होता. सुरतेच्या पारशी समाजात रुस्तुम माणेक हा इंग्रज वखारीचा दलाल सतराव्या शतकात नावारूपाला आला, आणि ‘रुस्तुमजी’ हे नाव तर मुंबईच्या पाट्यांवर इतके रुळले की ते मूळचे इराणी आहे, हे सांगावे लागते. उझबेकिस्तानचा रुस्तुम कासिमजानोव 2004 मध्ये बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचा विश्वविजेता झाला. यादी आणखी लांबवता येईल. परंतु या सर्वांना एकत्र आणले तरी कोल्हापूरच्या उदाहरणाची बरोबरी होत नाही.

कोल्हापूरच्या इतिहासात दोन रुस्तुम येतात आणि त्यांच्यात तीन शतकांहून अधिक अंतर आहे. पहिला रुस्तुम विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, ज्याला ‘रुस्तुम-ए-जमान’, म्हणजे आपल्या युगाचा रुस्तुम, असा किताब होता. किताब म्हणजे दरबाराने बहाल केलेली पदवी. दख्खनच्या दरबारांत ती व्यक्तीच्या मूळ नावाला इतकी झाकून टाकत असे की पुढे कागदपत्रांत पदवीच नाव म्हणून चालू लागे. हाच किताब त्याच्या पित्याला, रणदुल्लाखानालाही होता, आणि त्याच रणदुल्लाखानाच्या बरोबरीने शहाजीराजे कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले होते. तेव्हा शहाजी आणि रुस्तुम ही दोन नावे एकाच छावणीत, एकाच राजवटीच्या चाकरीत वावरत होती, हे पुस्तिकेच्या संपादकांनी एकदा डोळ्यांखालून घालण्यास हरकत नाही. पुढे 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफजलखानाचा वध झाला, त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा स्वराज्यात आला, आणि तो परत मिळवण्यासाठी पुत्र रुस्तुम-ए-जमान अफजलखानाचा मुलगा फाजलखान याच्यासह चालून आला. 28 डिसेंबर 1659 रोजी कोल्हापूरजवळ झालेल्या लढाईत शिवाजी महाराजांनी या फौजेचा धुव्वा उडवला. युगाचा रुस्तुम पळाला. त्याचे महाराजांशी आतून सूत होते, असा संशय त्या काळच्या इंग्रज वखारवाल्यांनी आपल्या पत्रांत वारंवार व्यक्त केला आहे, आणि तो खरा मानला तर शाहनाम्यातील राजांवर रुसणाऱ्या रुस्तुमाची त्याला थोडीफार आठवण होती, असेच म्हणावे लागेल.

दुसरा रुस्तुम कोल्हापूरच्याच तालमीतला. राजर्षी शाहू महाराजांनी पंजाबपर्यंतच्या मल्लांना आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि गामा पैलवानाचा धाकटा भाऊ इमामबक्ष याच्यासारखे उत्तरेकडचे मल्ल त्या तांबड्या मातीत उतरले. स्वतः गामा हा 1910 मध्ये लंडन गाजवून आलेला आणि ‘रुस्तुम-ए-हिंद’ व ‘रुस्तुम-ए-जमान’ हे दोन्ही किताब मिरवणारा. म्हणजे आदिलशाहीचा जो किताब सरदाराच्या अंगरख्यावर होता, तोच पुढे लंगोट लावलेल्या मल्लाच्या खांद्यावर आला. यानंतर मोतीबाग तालमीच्या दादू चौगुले यांनी 1970 आणि 1971 मध्ये महाराष्ट्र केसरी ही गदा मिळवली, पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताब पटकावला आणि 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले. ज्या शहराच्या वेशीवर एका रुस्तुमाचा पराभव हा अभिमानाचा विषय आहे, त्याच शहराने दुसऱ्या रुस्तुमाला डोक्यावर घेतले, आणि या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, असे तेथील एकाही वस्तादाला वाटले नाही. वस्ताद म्हणजे तालमीचा गुरू. हा शब्दही फारसीच, परंतु त्याला परकी यादीत टाकण्याचे धाडस पुस्तिकेने केलेले नाही, बहुधा कोणी तसे नाव ठेवत नाही म्हणून.

येथे ‘केसरी’ आणि ‘रुस्तुम’ या दोन किताबांची तुलना आपोआप पुढे येते. हिंद केसरीचा पहिला मान 1959 मध्ये श्रीपती खंचनाळे यांना मिळाला आणि महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 पासून सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात संस्कृत वळणाच्या पदव्या जाणीवपूर्वक घडवल्या जात असताना रुस्तुम हद्दपार होईल, अशी अपेक्षा कोणी केली असती तर ती फोल ठरली असती. लातूरकडील हरिश्चंद्र बिराजदार यांनी आणि चौगुले यांनी दोन्ही प्रकारचे किताब आलटूनपालटून धारण केले, कारण आखाड्याचे व्याकरण निराळे आहे. तेथे सिंह आणि वीर या दोघांनाही जागा आहे. आंबेगाव-जुन्नरकडील कोणत्याही गावाच्या जत्रेत दुपारी उन्हे कलल्यावर नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, हलगीचा ठेका चढत जातो, पंच जोड लावतात, इनामाचा आकडा वाढत जातो, आणि अखेरच्या निकाली कुस्तीत एखाद्या पोराने समोरच्याला अस्मान दाखवले की निवेदक ध्वनिक्षेपकावरून त्याला ‘गावचा रुस्तुम’ करून टाकतो. त्या क्षणी निवेदकाच्या डोक्यात इराण नसतो, विजापूर नसते, आणि पुस्तिका तर नसतेच नसते.

नावे कशाच्या पाठीवर बसून येतात, हा या स्तंभाचा जुना विषय आहे आणि त्याबद्दलचे मत वाचकांना ठाऊक आहे: ती तलवारीच्या टोकावरून कमी आणि घोड्याच्या पाठीवरून जास्त येतात. या मतावर पत्रे पाठवून नाराजी कळवणाऱ्यांसाठी जुन्नरचाच दाखला पुन्हा देणे भाग आहे. अफानासी निकितिन हा रशियातील त्वेर शहराचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला आणि विक्रीसाठी आणलेला एक घोडा घेऊन जुन्नरला पोहोचला, कारण हिंदुस्थानात चांगले घोडे पैदा होत नाहीत व बाहेरून आणलेल्यांना भाव येतो, हे त्याने हेरले होते. येथे वावरताना त्याने स्वतःचे नाव ‘खोजा युसुफ खुरासानी’ असे लावले. जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा जप्त केला आणि तो रशियन ख्रिस्ती आहे हे कळल्यावर, धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा मिळतील, असे त्याला सांगितले. अखेर एका खऱ्याखुऱ्या खुरासानी खोजाने मध्यस्थी केली तेव्हा घोडा परत मिळाला. धर्म त्याने दिला नाही, नाव मात्र आधीच घेतले होते. बहमनी राज्याचा कारभार त्या वेळी इराणातील गिलान प्रांतातून आलेल्या महमूद गावान याच्या हाती होता, आणि चौल ते जुन्नर या वाटेवर फारसी नाव हे चलनी नाण्यासारखे वापरात होते. रुस्तुमाची कीर्तीही अशाच तांड्यांबरोबर घाट चढून आली असणार, असे या स्तंभाचे अनुमान आहे. त्याला कागदोपत्री पुरावा तोकडा आहे हे खरे, पण ज्या वीराच्या घोड्याचेही नाव इतिहासाने जपले, त्याने पायी प्रवास केला असेल हे मानणे जड जाते. घोडनदी आणि घोडेगाव ही नावे या प्रतिपादनाच्या बाजूने उभी करण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.

प्रत्यक्ष व्यक्तिनाम म्हणून रुस्तुम कोठे रुजला, हे पाहिले तर चित्र आणखी रंजक होते. भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात, तळेघर, राजपूर, जांभोरी या बाजूला, महादेव कोळी घरांतून गुलाब, साहेबराव, पिराजी अशी नावे कानावर येतात, पण रुस्तुम सहसा येत नाही. कारण तो येण्याचे दोन मार्ग, सरदारी आणि तालीम, या दोहोंनी डोंगराकडे फारसे पाहिले नाही. हिरड्याच्या मोसमात व्यापाऱ्याच्या वहीत उतरणाऱ्या नावांत पीर आहे, गुलाब आहे, वीर नाही. उलट, दीर्घकाळ निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात रुस्तुम हे नाव मराठा, वंजारी, दलित अशा सर्व समाजांत सहज आढळते, त्याला ‘राव’ जोडला जातो, आणि दुसऱ्या अक्षरातील उकार मराठी जिभेने इतका पक्का केला आहे की ‘रुस्तम’ असा उच्चार करणारा तेथे बाहेरचा ठरतो. शहाजी हे नाव मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या अवलियाच्या नवसातून ठेवले, अशी परंपरा आहे. धाकट्या शरीफजींचे नाव पुढे तंजावरला ‘सरफोजी’ झाले आणि तेथील पंडितांनी त्याचे ‘शरभ’ असे संस्कृत रूप करून टाकले. रुस्तुमाला असे सोवळे कोणी नेसवले नाही. मराठवाड्यात तो आहे तसाच राहिला, आणि त्याला नवसाचे निमित्तही लागले नाही.

तमाशाच्या अभ्यासकांना डॉ. रुस्तुम अचलखांब यांचे नाव परिचित आहे. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करणारे, ‘तमाशा लोकरंगभूमी’ हा ग्रंथ लिहिणारे आणि ‘गावकी’ या आत्मकथनातून गावकुसाबाहेरचे जगणे मांडणारे हे लेखक ज्या नावाने ओळखले गेले, ते सीस्तानच्या वीराचे. गावाने ज्या वस्तीला पाणवठा नाकारला, त्या वस्तीतील आईबापांनी मुलाला इराणच्या सर्वांत बलाढ्य माणसाचे नाव दिले, आणि ते देताना कोणतीही यादी चाळली नाही. पारशी कुटुंबांत रुस्तुम वारशाने येतो, आजोबांचे नाव नातवाला लागते आणि घराण्याची खूण म्हणून टिकते. मराठवाड्यातील वस्तीत तो वारशाने आलेला नाही, निवडून घेतलेला आहे, आणि म्हणून त्याच्यावर तेथील दावा मुंबईतील दाव्याहून तसूभरही उणा नाही. ‘टाळावीत’ या क्रियापदाचा अधिकार पुस्तिकेला कोणी दिला, हा प्रश्न प्रकाशकांना विचारला जाईल तेव्हा जाईल. तूर्तास तिच्या ‘श’ या अक्षराखालील यादीत ‘शाहू’ आहे की नाही हे ग्राहकांनी तपासून पाहावे, कारण 1884 मध्ये दत्तकविधानानंतर यशवंतराव घाटगे यांना जे नाव मिळाले, त्याचीही मुळे काही जण त्याच ‘शहा’पर्यंत नेतात, आणि खासबागेचे मैदान त्याच नावाच्या राजाने बांधले.

— स्तंभलेखक, तळेघर