तारे नेमके कुणाला? जुन्या तबकड्यांच्या गुणपत्रिकेविरुद्ध

१/
घरातला ध्वनिमुद्रिकांचा संग्रह कपाटातून काढायचा, एकेक तबकडी पुन्हा ऐकायची आणि पाचपैकी तारे देऊन क्रमवारी लावायची, असा छंद तरुण रसिकांत रुजतो आहे. छंद उत्तम आहे. त्यातून निघणारी गुणपत्रिका मात्र बहुधा अनैतिहासिक असते, आणि घर बदलताना याच गुणपत्रिकेवर बोट ठेवून लाखेच्या तबकड्या भंगारात दिल्या जातात. हा धागा त्या गुणपत्रिकेविरुद्ध आहे.

२/
गुणपत्रिकेचा नमुना ठरलेला असतो. उस्ताद अमीर खाँची मारवा-दरबारीची एलपी : पाच तारे. केसरबाई केरकरांची ७८ फेऱ्यांची तबकडी : तीन तारे, शेरा ‘राग रंगण्याआधीच संपतो’. जोहराबाई आग्रेवाली : दीड तारा, शेरा ‘आवाज चिरका, तबला ऐकूच येत नाही’. पहिल्या निकालाबद्दल वाद नाही. उरलेल्या दोन निकालांत मात्र गायिकेची परीक्षा झालेलीच नाही. परीक्षा झाली आहे ती यंत्राची.

३/
गुण देण्याची ही पद्धत आली कोठून? अमेरिकन समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी १९६९ मध्ये ‘द व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात अल्बमना अक्षरश्रेणी देणारे सदर सुरू केले. सदराचे नाव होते ‘कन्झ्युमर गाइड’, म्हणजे ग्राहकाचा मार्गदर्शक. हेतू नावातच उघड आहे. दर महिन्याला नव्या एलपींचा पूर येत असताना पैसे कशावर खर्चावेत, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर होते.

४/
हा प्रश्न दुकानाच्या दारात रास्त आहे. आजोबांनी विकत घेतलेल्या आणि साठ-सत्तर वर्षे घरात नांदलेल्या तबकडीला तो लागू होत नाही. खरेदी केव्हाच झाली आहे. तेथे विचारायचा प्रश्न निराळा : ही वस्तू कशाची साक्ष देते, आणि ती साक्ष आणखी कोठे मिळते का? ग्राहकाची फूटपट्टी घेऊन साक्षीदाराची उंची मोजता येत नाही.

५/
तबकड्यांची प्रतवारी ताऱ्यांच्याही आधीपासून होत आली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोन कंपनी लेबलाच्या रंगावरून कलावंताचा दर्जा आणि किंमत ठरवीत असे. १९०४ मध्ये नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेच्या तबकड्यांना स्वतंत्र जांभळट लेबल मिळाले आणि प्रत्येकीची किंमत होती एक गिनी. ते मोल मेल्बाच्या कीर्तीचे होते. ध्वनीच्या स्पष्टतेशी त्याचा संबंध नव्हता.

६/
दुसऱ्या महायुद्धात प्रतवारीचा निकष वजन हा झाला. तबकडीचा मुख्य घटक लाख, आणि ती प्रामुख्याने भारतातून जात असे. युद्धामुळे पुरवठा आटला. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्ध-उत्पादन मंडळाने तबकड्यांसाठी लाख वापरण्यात ७० टक्के कपात केली. कंपन्या ग्राहकांकडून जुन्या तबकड्या गोळा करू लागल्या. त्या दळून त्याच मालातून नवी गाणी छापली गेली.

७/
त्या वर्षी दळल्या गेलेल्या तबकड्यांवर कोण गात होते, हे तराजूने विचारले नाही. आजच्या तारांकित यादीने तीच चूक अधिक सुसंस्कृत भाषेत करू नये. प्रत्येक काळाची प्रतवारी त्या काळाची गरज सांगते, वस्तूचे मोल सांगेलच असे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक विसरला, तर तो अभ्यासक न राहता केवळ उशिरा आलेला गिऱ्हाईक ठरतो.

८/
आता यंत्राकडे वळू. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आले आणि भारताच्या भूमीवरील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे झाली. त्यांत गौहर जान होत्या. मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. कलावंताने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायचे. त्या आवाजाच्या जोरावरच सुई थरथरणार आणि मेणावर रेघ उमटणार.

९/
कर्णा निवडक ऐकत असे. जवळचा, धारदार, वरच्या पट्टीतला आवाज तो नीट पकडी. तंबोऱ्याचा झंकार आणि डग्ग्याचा घुमारा त्याच्या कानांत शिरतच नसे. जोहराबाईंचे निधन १९१३ मधले आणि मायक्रोफोनने होणारे विद्युत ध्वनिमुद्रण पाश्चात्त्य कंपन्यांनी स्वीकारले ते १९२५ मध्ये. ‘तबला ऐकू येत नाही’ हा शेरा जोहराबाईंच्या नावावर लिहिणे म्हणजे छायाचित्र कृष्णधवल आहे म्हणून साडीच्या रंगाला नावे ठेवणे होय.

१०/
वेगाची गोष्ट याहून गंभीर. ‘७८ फेरे’ हे प्रमाण पुढे रूढ झाले. आरंभीच्या तबकड्या मिनिटाला सत्तरच्या आसपासपासून ऐंशीपर्यंत कोणत्याही वेगाने मुद्रित झालेल्या आढळतात. सुमारे ७३.६ फेऱ्यांनी मुद्रित झालेले गाणे ७८ फेऱ्यांनी वाजवले, की ते अर्ध्या स्वराने वर चढते. काळी चारची गायिका पांढरी सहाची होते. लय तेवढीच पळते, आवाज बारीक होतो, मींड आखडते.

११/
मग ऐकणारा लिहितो, ‘चिरका आवाज’. तो चिरकेपणा वाजवणाऱ्याने निर्माण केलेला असतो. सुईचेही तसेच. एलपीची खाच अरुंद, ७८ची रुंद. एलपीची बारीक सुई ७८वर चालवली, तर ती खाचेच्या तळाशी जाऊन धूळ खरवडत बसते, आणि ती खरखर गाण्याच्या खात्यावर जमा होते. तबकडीला गुण देण्याआधी स्वतःच्या यंत्राला गुण देणे हा अभ्यासाचा पहिला पाठ आहे.

१२/
आता ‘राग रंगण्याआधीच संपतो’ या तक्रारीकडे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत, बारा इंचीला चार-साडेचार. एलपी बाजारात आली ती १९४८ मध्ये, अमेरिकेत. भारतात ती १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्थिरावली. अमीर खाँना एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी उलगडता आला, कारण त्यांच्या हाती वीस मिनिटांहून मोठा अवकाश होता. ती सोय जोहराबाईंना मिळणे अशक्यच होते.

१३/
मराठी वाचकाला हे सांगायला दूर जावे लागत नाही. रंगभूमीवर बालगंधर्वांचे एखादे पद ‘वन्स मोअर’च्या गजरात कितीतरी वेळ चाले. तेच पद तबकडीवर तीन मिनिटांत बसवावे लागे. एका कलावंताच्या या दोन निराळ्या कृती आहेत. पहिली हवेत विरली, दुसरी उरली. उरलेलीला विरलेलीच्या मापाने नापास करणे हा न्याय नव्हे.

१४/
तीन मिनिटांचे बंधन ही एक रचनाशिस्तही होती. आलाप किती, बंदिशीचा मुखडा कधी, तान कोठे आणि मुख्य म्हणजे काय गाळायचे, हे गायकाला आधी ठरवावे लागे. अब्दुल करीम खाँची ‘जमुना के तीर’ ही भैरवी ठुमरी या कसोटीवर ऐकावी. घड्याळ पळत असताना गाणे घाई करीत नाही. स्वर पुरेसा वेळ थांबतो. हे कौशल्य एलपीच्या गुणपत्रिकेत मोजायला रकानाच नाही.

१५/
केसरबाईंच्या तीन ताऱ्यांचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ मध्ये निवर्तले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांचे गाणे कसे असेल, याचा कानांनी शोध घ्यायचा तर वाट शिष्यांच्या तबकड्यांतूनच जाते : केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई १९२१ पासून खाँसाहेबांकडे शिकल्या.

१६/
म्हणजे ती ‘तीन तारे’वाली तबकडी एका गायिकेचे गाणे तर आहेच, शिवाय जो गुरू कधीच ऐकू येणार नाही, त्याच्या गायकीचा तो उरलेल्या मोजक्या पुराव्यांपैकी एक आहे. ताम्रपटाचे अक्षर सुबक नाही म्हणून कोणी तो तांब्याच्या भावाने विकत नाही. तबकडीच्या बाबतीत हे रोज घडते, आणि तेही तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या हातून.

१७/
तीन मिनिटांना तुच्छ लेखणाऱ्यांनी १९७७ आठवावे. व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण-तबकडीत साऱ्या पृथ्वीच्या संगीतासाठी जागा होती सुमारे ९० मिनिटे, आणि निवडल्या गेल्या २७ रचना. भारताच्या वाट्याला एक आली : केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी. ती सुचवली संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. तेथे जागा इतकी तोकडी होती की तिचा आटोपशीरपणा हाच गुण ठरला.

१८/
त्या ध्वनिमुद्रणाची प्रत मिळवताना निवड करणाऱ्यांची दमछाक झाली. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. बाजाराच्या लेखी ती तेव्हा टेबलाखाली ढकलण्याच्या लायकीची वस्तू होती. ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर-१ झेपावले. १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. बाजारमोल आणि खरे मोल यांतले अंतर याहून स्पष्ट काय दिसावे?

१९/
गुणपत्रिकेचा सर्वांत मोठा अन्याय स्त्रियांवर होतो. आरंभीच्या काळात अनेक नामवंत उस्ताद कर्ण्यापुढे गायला कचरत होते. पुढे आल्या त्या गौहर जान, अलाहाबादच्या जानकीबाई, जोहराबाई यांच्यासारख्या व्यावसायिक गायिका. परक्या यंत्राशी पहिली झटापट त्यांनी केली. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ जोहराबाईंच्या गाण्याचे चाहते होते आणि त्यांच्या गायकीवर तिचा प्रभाव सांगितला जातो. त्याच जोहराबाईंना आजची यादी दीड तारा देते.

२०/
यावर एक आक्षेप येतो : ‘मग जुने ते सगळे सोने म्हणायचे का?’ मुळीच नाही. कंपन्यांनी घाईने काढलेल्या, एका लोकप्रिय चालीची नक्कल करणाऱ्या, तीन मिनिटांत ताना कोंबून राग गुदमरवणाऱ्या तबकड्या पुष्कळ आहेत. त्यांना निकृष्टच म्हणावे. पण तुलना समकालीनांशी व्हावी, कर्ण्याची कर्ण्याशी आणि तीन मिनिटांची तीन मिनिटांशी. भक्तिभाव आणि भंगार यांच्या मधोमध टीका नावाची एक जागा असते.

२१/
दुसरा आक्षेप : ‘आवड व्यक्तिगत असते, ताऱ्यांवर इतका राग का?’ आवडीवर कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती आवडीने निकालाचा झगा घालण्यावर. ‘ही तबकडी भावत नाही’ हे वाक्य प्रामाणिक आहे. ‘ही तबकडी दीड ताऱ्याची आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याची मर्यादा तबकडीच्या अंगावर टाकते आणि वारसदाराला ती टाकून देण्याची सबब पुरवते.

२२/
मग पुन्हा ऐकताना नोंदवहीत काय लिहावे? लेबलावरील क्रमांक आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. त्यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ शोधता येतो. मुद्रण कर्ण्याचे की मायक्रोफोनचे. कोणत्या वेगावर आवाज स्वाभाविक वाटतो आणि तेथे षड्ज कोणत्या पट्टीत येतो. कोणती सुई वापरली. याच कलावंताचे, याच घराण्याचे आणखी काय उरले आहे. एवढे झाल्यावर आवड-निवड.

२३/
हे काम एकट्याने करावे लागत नाही. मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने अनेक वर्षे हाच ध्यास घेतला. मायकेल किनियर यांच्यासारख्या सूचिकारांनी क्रमांकांवरून काळ ठरवण्याचा रस्ता आखून दिला. शिलालेख वाचायला शिकणाऱ्या तरुणाला मॅट्रिक्स क्रमांक वाचणे जड जाऊ नये. ही साधनेही तितकीच अस्सल आहेत. शिलालेखापेक्षा ती ठिसूळ मात्र आहेत : हातून पडली की तुकडे.

२४/
आणि तारे द्यायचेच असतील, तर त्यांपुढे तारीख घालावी. आज दीड तारा मिळवणारी जोहराबाई योग्य वेगाने, योग्य सुईने, दहा वर्षांनी ऐकली असता चार ताऱ्यांची का वाटली, हे त्या वहीतून कळेल. तारखेसह लिहिलेली आवड हाही श्रवणाच्या इतिहासाचा दस्तऐवजच. म्हणून तारे पेन्सिलीने लिहावेत, मॅट्रिक्स क्रमांक शाईने. आणि दोन्ही लिहून होईपर्यंत भंगारवाल्याला जिन्यावरूनच परत पाठवावे.