पटावरून कमी केलेलं नाव

लेक इंग्लंडात मिल्टन कीन्सला असते. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते, तेव्हा जावईबापूंनी कालव्यात फिरायला एका दिवसासाठी होडी भाड्याने घेतली. म्हणाले, "आई, तुम्ही ट्रॉम्बेच्या. तुम्हाला पाण्याची कसली भीती?" इतकी वर्षं ट्रॉम्बेला राहून मी खाडी बहुतेक काठावरूनच पाहिली आहे, हे जावयाला कोण सांगणार!

होडी मोठी गमतीची. रुंदी जेमतेम 7 फूट, लांबी मात्र आपल्या बेस्टच्या बसपेक्षा जास्त. वेग तासाला 4 मैलांच्या आत ठेवायचा. काठाने चालणारे एक आजोबा आणि त्यांचा कुत्रा आम्हाला मागे टाकून गेले.

कॉसग्रोव्हहून स्टोक ब्रुअर्न या गावी जायचं होतं. शेवटी एकापाठोपाठ सात लॉक आहेत, आणि त्यांतून होडी 56 फूट वर चढते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडविटांचा हौद. होडी आत घ्यायची, मागची दारं लावायची, पुढच्या दारांकडच्या झडपा हँडलने उघडायच्या. वरचं पाणी आत येतं आणि होडी उचलली जाते. मुंबईत इंदिरा डॉकच्या तोंडाशीही असंच लॉक आहे, 750 फूट लांब आणि 100 फूट रुंद. 1914 साली डॉक सुरू झाला तेव्हाचं. बाहेर ओहोटी असली तरी गोदीतलं पाणी उतरू नये, म्हणून ते बांधलं.

पहिल्याच लॉकला नातीने उत्साहाने दाराचा दांडा ढकलायला सुरुवात केली. दार हलेना. शेजारच्या होडीतल्या बाईंनी हसून तिला थांबवलं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय दार उघडत नाही, कितीही जोर लावा. पाणी भरलं, आणि तेच दार त्या दहा वर्षांच्या पोरीने पाठ टेकवून उघडलं.

वर पोचल्यावर कालव्यांचं संग्रहालय पाहिलं. एका जुन्या गिरणीत आहे. नावाड्यांच्या रंगवलेल्या बादल्या, गुलाबाची फुलं, किल्ल्यांची चित्रं, सगळं सुरेख. होडीतली राहायची खोली मात्र फार तर 10 फूट लांब. बाकी सगळी जागा कोळशाची नि मालाची. त्या खोपटात नवरा, बायको आणि मुलं, वर्षभर. होडी चालती राहिली तरच पैसे, त्यामुळे मुलं शाळेत जाणार कधी? जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थांनी चळवळ केली, तेव्हा 1877 साली आणि पुन्हा 1884 साली या होड्यांसाठी कायदे झाले. त्यात मुलांच्या शिक्षणाचाही विचार होता. तरी पुढे कितीतरी वर्षं नावाड्यांची मुलं निरक्षरच राहिली. कायदा झाला, होडी थांबली नाही.

तिथे उभ्या उभ्या मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला.

साल 1979. आईवडील बीडकडचे, जमीन नाही. पावसाळ्यात ट्रॉम्बेला नातलगांकडे येऊन मजुरी करायची, दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचं. मुलगा जूनमध्ये वर्गात यायचा, दिवाळीनंतर दिसायचा नाही. पुढच्या जूनला परत हजर. मी त्याला भागाकार विचारायची, तो खाली बघायचा. मी त्याला 'कच्चा' म्हणत असे, वर्गासमोर. तिसऱ्या वर्षी सततच्या गैरहजेरीमुळे पटावरून त्याचं नाव कमी केलं. लाल शाईची ती रेघ माझ्याच हातची. जूनमध्ये त्याची आई त्याला घेऊन आली तेव्हा मी नियम सांगितला. ती भांडली नाही. "बरं बाई," म्हणाली आणि गेली. तो मुलगा मला पुन्हा दिसला नाही.

त्याच्या बाजूचं पाणी दर वर्षी सहा महिन्यांनी खाली राहत होतं, आणि मी नातीसारखी दार ढकलत बसले होते.

कुणी म्हणेल, बाई, आता कायदा आहे. आहेच. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मधल्या महिन्यातसुद्धा प्रवेश द्यावा लागतो, दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही. साखरशाळा निघाल्या, मूल गावीच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. चांगलंच आहे. पण आजही 'कोयता' निघतो तेव्हा पुष्कळ मुलं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि फडाजवळच्या कोपीत राहतात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते.

माझं मत स्पष्ट आहे. वसतिगृह कोयता निघायच्या आधी सुरू झालं पाहिजे, मुलं गेल्यावर नव्हे. फडाजवळच्या शाळेने मूल दारात यायची वाट न बघता कोपीपर्यंत गेलं पाहिजे. आणि परत आलेल्या मुलाला आधी बुडालेला अभ्यास भरून द्यावा, परीक्षा मग घ्यावी. ओझं शिक्षकावर पडतं, हे मला कळतं. साठ मुलांचा वर्ग मीही सांभाळला आहे. त्यासाठी माणसं द्या, पैसे द्या. पण 'मूल येतच नाही, आम्ही काय करणार' हे उत्तर मी एकदा दिलेलं आहे, आणि ते खोटं होतं.

आपल्यापैकी पुष्कळांची गावं साखर कारखान्यांच्या आसपास आहेत. या हंगामात गावी गेलात तर शाळेत डोकावून एवढंच विचारा, फडावरची किती मुलं पटावर आहेत? आणि मला जरूर कळवा.