क्रॉसबोला किती दिवस द्यायचे?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात नऊ दिवसांचा असतो. धनुष्यबाणवाल्यांना मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मुभा असते. ही मेहेरबानी नव्हे. हरणाच्या अगदी जवळ पोचायचं, त्याच्या नजरेच्या टप्प्यात दोरी ओढायची आणि हात थरथरू न देता ती धरून ठेवायची! बहुतेक वेळा हरीणच निसटतं, म्हणून दिवस जास्त. 1934 साली या राज्याने केवळ धनुर्धाऱ्यांसाठी हंगाम सुरू केला.

क्रॉसबोने हा हिशेब बदलला. त्याला बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असतो, वर दुर्बीण बसते. दोरी आधीच चढवलेली असते. हरीण समोर आलं की नेम धरायचा आणि चाप ओढायचा. पूर्वी विस्कॉन्सिनमध्ये तो फक्त 65 वर्षांपुढच्या आणि अपंग शिकाऱ्यांना वापरता येई. 2014 पासून सर्वांना मोकळीक मिळाली आणि काही वर्षांतच क्रॉसबोने टिपलेल्या हरणांचा आकडा साध्या धनुष्याच्या पुढे गेला. माजावर आलेले मोठे नर आपला हंगाम उघडण्याआधीच टिपले जातात, अशी बंदूकवाल्यांची तक्रार आहे.

परंपरावाद्यांचा आक्षेप वेगळा आहे. 1961 साली स्थापन झालेला धनुर्धारी शिकाऱ्यांचा पोप अँड यंग क्लब क्रॉसबोला शिकारीचं धनुष्य मानतच नाही. भावना समजण्यासारखी आहे, पण युक्तिवाद लंगडा. 1960 च्या दशकात मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याला कप्प्या बसवल्या. आज 70 पौंड ताणाचं असं कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढलं की हातावर जेमतेम 15-20 पौंडांचा भार उरतो. ते क्लबला चालतं.

तेव्हा खरं धनुष्य कोणतं, यावर भांडण नकोच. जनावरं किती आहेत ते पाहावं.

ओहायोत क्रॉसबो 1970 च्या दशकापासून चालतो आणि तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं आजही मुबलक आहेत. शेतातलं पीक खाणारी, रस्त्यावर गाड्यांसमोर येणारी हरणं कमी करायला तिथे शिकारी हवेच आहेत. शिवाय शिकारी म्हातारे होताहेत. खांदा दुखू लागलेल्या माणसाने परवाना घेणं सोडलं, तर नुकसान जंगलाचंही होतं. कारण परवान्यांचं शुल्क आणि 1937 च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला शस्त्रांवरचा कर यांतूनच तिथल्या वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च भागतो. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झालेल्या आपल्या देशात हे विचित्र वाटेल, पण तिथली व्यवस्था यावरच उभी आहे.

कोलोरॅडोची गोष्ट निराळी. तिथे एल्क या मोठ्या हरणाचे परवाने अनेक भागांत सोडतीने मिळतात. सोप्या शस्त्राने जास्त एल्क पडू लागले, तर पुढच्या वर्षी परवाने कमी करावे लागतील. म्हणून धनुष्याच्या हंगामात धडधाकट शिकाऱ्याला तिथे क्रॉसबोची बंदी आहे, ती योग्यच आहे.

विस्कॉन्सिननेही एकच नियम साऱ्या राज्याला लावू नये. दक्षिणेतल्या शेतीपट्ट्यात हरणं भरपूर आहेत, तिथे क्रॉसबो पूर्ण हंगाम चालू द्यावा. उत्तरेच्या जंगलात ती विरळ आहेत; तिथे क्रॉसबोचे दिवस कमी करावेत आणि वृद्ध व अपंगांची सवलत मात्र आहे तशीच ठेवावी.