टोपी हेसुद्धा अवजारच

भात म्हटलं की फिलिपिन्सचं नाव निघतं ते बियाण्यासाठी. लॉस बान्योसच्या संशोधन संस्थेनं १९६६ साली आयआर-८ दिलं, ते आपल्याकडंही पेरलं गेलं. पण तिथला मजूर चिखलात उतरताना अंगावर काय घालायचा, हे कुणी बघितलंच नाही. बियाण्याइतकंच ते बघण्यासारखं आहे.

अंगात 'कमिसा दे चिनो', म्हणजे बिनकॉलरचा, लांब बाह्यांचा सैल, पातळ सदरा. खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार. डोक्यावर 'सालाकोत', बांबू नाहीतर वेताची रुंद कडांची टोपी. खरी गंमत तिच्या आतल्या बाजूला. डोक्याला बसणारी कडी वेगळी असते, त्यामुळं टोपी टाळूला चिकटत नाही, मधून वारा खेळतो. अब्रा प्रांतातले तेओफिलो गार्सिया तर स्वतः भोपळे पिकवून त्यांच्या वाळल्या कवचाच्या टोप्या करायचे. २०१२ साली देशानं त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला. शेतकरी माणूस!

वादळवाऱ्याच्या बटानेस बेटांवर बायकांचं 'वाकुल' असतं. पानांच्या तंतूंचं, डोक्यावरून पाठीवर उतरणारं. वाकून काम करा, पाठ झाकलेलीच. आपलं इरलंच बघा की.

आता तो सदरा तिकडं सणाच्या नाचात दिसतो. शेतात निवडणुकीत वाटलेले टीशर्ट, आणि उन्हासाठी आणखी एक टीशर्ट तोंडाडोक्याला गुंडाळलेला. आपल्याकडं तरी काय वेगळं? बियाणं कंपनीची फुकटची टोपी, पुढं चार बोटं कड, कान आणि मान उघडी. पावसात प्लास्टिकची खोळ, आत घामानं माणूस उकडतोय. त्यातल्या त्यात शहाण्या आपल्या बाया, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात.

फवारणी पंप घ्यायचा तर आपण दहा दुकानं फिरतो. पंप ज्याच्या पाठीवर, त्याच्या डोक्यावर काय आहे ते विचारत नाही. माझं म्हणणं, मजुरी ठरवतानाच एक पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि एक रुंद टोपी मालकानं द्यावी. उपकार म्हणून नाही, विळाखुरपं देतो तशी.

इरलं जड पडतं, मान्य. पण रुंद, हलकी, आत कडी असलेली टोपी बुरूडाला सांगून करता येते. सांगायचं तर मे महिन्यातच सांगा. एकदा पाऊस लागला की तोही स्वतःच्या लावणीत असतो.