‘खाण तशी माती’ ही म्हण कितपत खरी?

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे पुष्कळ घरांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें: “ह्याच्या रक्तांतच गणित नाहीं.” बोलणारास वाटतें कीं, आपल्या बाजूस शास्त्र आहे. आमचें मत उलट आहे. ज्या शास्त्राची साक्ष काढली जाते, तेंच असा निवाडा देण्यास तयार नाहीं.

आपल्या देहांतील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. डोळ्याची पेशी व यकृताची पेशी यांच्याजवळचा ग्रंथ तोच. उघडलेलीं पानें मात्र निराळीं. मिटलेलीं पानें नष्ट होत नाहींत, हें इंग्लंडांतील जॉन गर्डन यांनीं १९६२ सालीं दाखविलें. एका अंड्याचें स्वतःचें केंद्रक निकामी करून त्यांनीं त्यांत बेडूकमाशाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक घातलें. अशा कांहीं अंड्यांतून पूर्ण वाढलेले बेडूक निपजले.

मग पान उघडतें कसें? पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतील फ्रान्स्वा झाकोब व झाक मोनो यांनीं १९६१ सालीं त्याचें उत्तर ई. कोलाय ह्या जीवाणूंत शोधलें. दुधांतील साखर पचविण्यास लागणारीं जनुकें त्याच्यापाशीं मूळचींच असतात; परंतु दारास अडसर घालावा तसें एक निरोधक प्रथिन तीं अडवून धरतें. ही साखर जवळ आली कीं अडसर निघतो व काम सुरू होतें. ती संपली कीं पुन्हां बसतो. ह्या शोधाबद्दल त्यांस १९६५ सालीं आंद्रे ल्वोफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

मनुष्यदेहांतील व्यवस्था याहून पुष्कळच गुंतागुंतीची आहे. गर्भावस्थेंत एक हिमोग्लोबिन तयार होतें. जन्मानंतर कांहीं महिन्यांत त्याचें जनुक जवळजवळ मिटतें व दुसरें त्याची जागा घेतें. विदर्भांत व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल रोगाचा दोष ह्या दुसऱ्या जनुकांत असतो. म्हणून मिटलेलें पहिलें जनुक पुन्हां जागें करण्याचा उपचार शास्त्रज्ञांनीं शोधला, आणि २०२३ सालीं ब्रिटन व अमेरिका या देशांनीं त्यास मान्यता दिली.

येथें अतिशयोक्ति मात्र करूं नये. सिकलसेल उपदेशानें किंवा सकस आहारानें बरा होत नाहीं; वारसा ही खरीखुरी गोष्ट आहे. शिवाय गणिताचें असें एखादें जनुक नाहीं कीं, जें शिक्षकानें जाऊन उघडावें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जवळ असणें निराळें व प्रकट होणें निराळें. आणि प्रकट होण्यांत काळ व परिस्थिति यांचा मोठा वांटा असतो. हें जर एका साखरेच्या बाबतींत खरें, तर बुद्धीसारख्या बहुविध शक्तीविषयीं एका गुणपत्रकावरून कायमचा निकाल देणें केवळ उतावळेपणाचें आहे.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाच्या देखत त्याच्या रक्ताचा दाखला देऊं नये. त्यापेक्षां त्याचें कोठें अडतें, तें रोज थोडा वेळ शेजारीं बसून पाहावें. विद्यार्थ्यांनींही “आमच्या घरांत कोणासच इंग्रजी येत नाहीं” ही सबब टाकून द्यावी. आपल्यापाशीं काय आहे, हें वापरून पाहिल्याखेरीज कोणासच सांगतां येत नाहीं.