न मोजलेला दिवस

समुद्र म्हटला की कला शाखेच्या विद्यार्थ्याला कविता आठवते, रसायनशास्त्र आठवत नाही. त्यामुळे समुद्राच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइडविषयी येथे वाचून काही मित्र म्हणतील, "हा लेख विज्ञान शाखेकडे द्यायचा!" मला तसे वाटत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि हा प्रश्न मुळात नोंदींचा आहे.

माणूस कोळसा व तेल जाळून आणि जंगले तोडून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. हे कळते कसे? उपग्रहाला पाण्याचा रंग आणि तापमान कळते. विरघळलेला वायू त्याला थेट मोजता येत नाही. तेथे जहाजच न्यावे लागते. पृष्ठभागाखालचे पाणी पंपाने सतत आत घेऊन एका बंद भांड्यात फवारतात. पाणी आणि भांड्यातली हवा यांच्यातील वायूचा दाब समान झाला, की त्या हवेतून अवरक्त किरण सोडून वायूचे प्रमाण मोजतात. सांगायला सोपे, पण आत येताना पाणी एका अंशाने तापले तरी आकडा चार टक्क्यांनी चढतो. म्हणून तापमान काटेकोरपणे टिपायचे, यंत्र पुन्हा पुन्हा ताडून पाहायचे. रोज तेच, दिवसरात्र!

तारो ताकाहाशी १९५७ साली 'व्हेमा' जहाजावरून अटलांटिक महासागरात अशी मोजणी करू लागले. २००९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३० लाख मोजण्यांवरून जगातील सागरांचा नकाशा प्रसिद्ध केला. मालवाहू जहाजेही आता ही यंत्रे वाहतात, आणि २०११ पासून 'सोकॅट' या संग्रहात अनेक देशांच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत.

कोणी म्हणेल, राहिलेल्या जागा संगणक भरून काढील. पण आपल्या अरबी समुद्राचेच पाहा. १९९०च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'सागरकन्या' जहाजावरून मोजणी केली, तेव्हा दिसले की मध्य व पूर्व अरबी समुद्र वर्षभर हा वायू हवेत सोडतो. मोसमी वाऱ्यांमुळे खोलवरचे वायूयुक्त पाणी वर येते, हे त्याचे एक कारण. जगाची सरासरी येथे डोळे झाकून लावली असती, तर उत्तर नेमके उलटे आले असते.

तरीही २०१७ नंतर जगभरच्या या नोंदी घटत गेल्या. नव्या शोधाला टाळ्या मिळतात, पैसाही मिळतो. रोजच्या नोंदीला दोन्ही मिळत नाहीत. ही वृत्ती मला घातक वाटते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने प्रसिद्ध केली. त्यांच्या हातून सुटलेला कागद आजही एखाद्या वाड्याच्या माळ्यावर सापडू शकेल. समुद्राचे तसे नाही. जो दिवस मोजला नाही, त्याचे दप्तर कोठेच नसते. म्हणून मित्रहो, साधनांचे मोल ज्यांना वर्गात शिकवले जाते, त्या आपणच या कंटाळवाण्या मोजणीची बाजू घ्यायला हवी.