विश्लेषण : नैराश्यावरचे नवे उपचार डॉक्टरांपुरतेच का नाहीत?

दोन-दोन औषधे घेऊनही नैराश्य हटत नाही, अशा रुग्णांसाठी अमेरिकेत एस्केटामाइन हा नाकात मारायचा फवारा वापरला जातो. दिसायला सर्दीच्या औषधासारखा, पण तो रुग्णाच्या हातात देऊन घरी पाठवता येत नाही. तो फक्त प्रमाणित केंद्रातच मिळतो आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे आहे. असे का?

दाद न देणारे नैराश्य म्हणजे काय?

किमान दोन औषधे योग्य मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही फरक पडला नाही, तर नैराश्य उपचारांना दाद देत नाही असे मानतात. अमेरिकेतील ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. दोन प्रयत्न फसल्यावर तिसऱ्या टप्प्यात हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास घसरले. नुसती गोळी बदलत राहण्याला मर्यादा आहे, हे त्यातून दिसले.

एस्केटामाइन वेगळे कसे?

भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या केटामाइनपासून ते तयार होते. नेहमीच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात. याचा परिणाम काही रुग्णांत दिवसभरातही दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये ते गोळीच्या जोडीने देण्यास आणि जानेवारी २०२५ मध्ये एकट्यानेही वापरण्यास मान्यता दिली. मात्र त्यामुळे गुंगी येते, रक्तदाब वाढू शकतो, आपण शरीरापासून वेगळे झालो असे वाटू शकते आणि गैरवापराचा धोकाही असतो.

कर्मचारी काय शिकतात?

फवारा रुग्ण स्वतःच मारतो, पण देखरेखीखाली. तो ‘चालतो का’ हे पाहायला आधी दाबला, तर औषध वाया जाते. रक्तदाब आधी मोजायचा, साधारण ४० मिनिटांनी पुन्हा मोजायचा. रुग्णाला किमान दोन तास नजरेसमोर ठेवायचे. रात्रीची पुरेशी झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही, हे रुग्णाला आणि नातेवाइकांनाही समजावायचे. ‘मी तरंगतोय’ म्हणणाऱ्या रुग्णाला धीर द्यायचा की तातडीने डॉक्टरांना बोलवायचे, हा निर्णय बहुतेकदा शेजारी बसलेल्या नर्सलाच आधी घ्यावा लागतो.

हे एकाच औषधापुरते आहे का?

नाही. चुंबकीय लहरींनी मेंदूला उत्तेजन देणाऱ्या ‘टीएमएस’ला अमेरिकेत २००८ मध्ये परवानगी मिळाली. त्यात भूल लागत नाही. पण रुग्णाच्या डोक्यात धातूचा तुकडा आहे का, पूर्वी फिट आली होती का, हे विचारायचे राहिले तर धोका होऊ शकतो.

भारतात काय?

जुना पण प्रभावी उपचार म्हणजे विद्युत उपचार, बोलीभाषेत ‘शॉक’. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय करता येत नाही. तरीही सिनेमात पाहिलेल्या दृश्यांमुळे अनेक कुटुंबे घाबरून नकार देतात. वॉर्डात त्यांचे प्रश्न आधी नर्सच्याच कानावर येतात. तिलाच नीट माहिती नसेल, तर उपयोगी पडू शकणारा उपचार दारातूनच परत जातो.

मानसिक त्रासात मदतीसाठी ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक : १४४१६.